सरपणाची मोळी: गोठवणाऱ्या पेशी आणि न थांबणारं रक्त

चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: "प्लेटलेट १३,०००. डेंग्यू?" शुक्रवारची संध्याकाळ होती. ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेत अशा दहा-बारा चिठ्ठ्या रोज येतात. गावाकडे "पेशी कमी झाल्या" म्हटलं की अर्थ एकच: प्लेटलेट उतरल्या, डेंग्यू असणार, पपईच्या पानांचा रस सुरू करा. या बाईंनाही तो चार दिवस पाजला होता.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगते. इथे मांडलेली रुग्ण ही एकच बाई नाही. हे प्रकरण मी शिकवण्यासाठी रचलं आहे. या आजारात रुग्ण ज्या वाटेने येतात, जिथे अडकतात आणि जिथे सुटतात, ते टप्पे मी एका व्यक्तीत गुंफले आहेत. तिचे आकडे या आजारात दिसतात तसेच ठेवले आहेत. संशोधनाचा इतिहास, त्यातली नावं आणि वर्षं मात्र खरी आहेत.

वय ३४. अंगणवाडीत मदतनीस. नवऱ्याची दोन एकर ऊस. तीन आठवड्यांपासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. उजवीकडची एक किडलेली दाढ तर रात्री आपोआप पाझरायची आणि सकाळी उशीवर डाग दिसायचे. पाळी सुरू होऊन बारा दिवस झाले तरी थांबेना. मांड्यांवर, दंडावर काळे-निळे डाग होते. कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. ताप बारीक, अशक्तपणा भरपूर. एका ठिकाणी तिला कमरेत अशक्तपणाचं इंजेक्शन दिलं, तिथे दोन दिवसांत नारळाएवढी टणक सूज आली. सूज म्हणजे स्नायूत साठलेलं रक्त होतं. प्लेटलेट मोजलेल्या नसताना स्नायूत सुई टोचायची नसते. इथे मोजायच्या आधीच टोचली गेली.

यंत्राने दिलेले आकडे असे होते: हिमोग्लोबिन ७.२, पांढऱ्या पेशी २,४००, प्लेटलेट १३,०००. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरतात, त्यामुळे पाठवणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. पण हिमोग्लोबिन खटकलं. डेंग्यूत रक्त दाट होतं, इथे ते पातळ झालं होतं. बारा दिवसांच्या पाळीवर त्याचा दोष टाकता आला असता. मग ईएसआर, म्हणजे नळीतल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग, पाहिला: ८. इतका पांडुरोग, बारीक ताप, आणि ईएसआर ८? अशा रुग्णाचा ईएसआर पन्नासच्या पुढे असायला हवा. लाल पेशींना एकमेकींना चिकटून भराभर खाली बसायला प्लाझ्मातलं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे धागे ज्यातून बनतात ते प्रथिन, मदत करतं. फायब्रिनोजेनच संपलं असेल, तर ईएसआर खोटाच नॉर्मल दिसतो. ही खूण फार जुनी आहे, तिच्याकडे पुढे येते.

मी काच रंगवायला घेतली.

काचेवर

रक्ताचा कर्करोग म्हणजे पांढऱ्या पेशी लाखांनी वाढलेल्या, अशी लोकांची समजूत असते. वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकीही बरेच जण मनात तीच धरून असतात. या प्रकारात त्या बहुतेकदा कमीच असतात. २,४०० पेशींत वाईट पेशी शोधायच्या तर काचेच्या कडा आणि शेपूट धीराने फिरावी लागते, आणि यंत्राकडे असा धीर नसतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत पहिली पेशी दिसली. मोठी, केंद्रक मधोमध चिमटा काढल्यासारखं दुभंगलेलं, आणि पेशीद्रवात जांभळट-गुलाबी कणांची इतकी दाटी की केंद्रकाची कड हरवलेली. पुढच्या पेशीत काड्या दिसल्या. गुलाबी, बारीक, एकावर एक पडलेल्या, रानातून आणलेल्या सरपणाची मोळी बांधावी तशा. इंग्रजी पुस्तकांतही या पेशीला मोळीवरूनच नाव दिलेलं आहे, पण चुलीपुढे वाढलेल्या आमच्यासारख्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. एकदा पाहिली की विसरता येत नाही.

या मोळीच्या पेशी म्हणजे बिघडलेल्या प्रोमायलोसाइट, पूर्ण वाढ होण्याआधीच अडकलेल्या पांढऱ्या पेशी. आजाराचं नाव अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, आम्ही त्याला एपीएल म्हणतो. जुन्या वर्गीकरणात तो एम-३ होता.

मी लगेच गोठण्याच्या तपासण्या लावल्या. पीटी आणि एपीटीटी म्हणजे प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ, दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेला. पीटी १८.५ सेकंद, नियंत्रण नमुना १२.५. एपीटीटी जेमतेम वाढलेला. डी-डायमर, म्हणजे विरघळलेल्या गुठळ्यांचे तुकडे, मर्यादेच्या कितीतरी पट वर. आणि फायब्रिनोजेन ८२. निरोगी माणसात ते दर डेसिलिटरला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं.

अहवाल छापून खालच्या खिडकीत ठेवायचा असतो, नातेवाईक सकाळी नेतात. मी तसं केलं नाही. फिजिशियनना फोन केला, तेव्हा सात वाजायला वीस मिनिटं होती. वाक्य एकच होतं: "डेंग्यू नाही, एपीएल आहे, फायब्रिनोजेन ब्याऐंशी, आजच्या रात्री औषध सुरू व्हायला हवं." त्यांनी एकही शंका न काढता विचारलं, "क्रायो किती पिशव्या मागवू?" असे डॉक्टर सोबत असणं हे रुग्णाचं नशीब आणि माझंही.

तिचा प्रश्न

वॉर्डात गेले तेव्हा सलाईनच्या सुईभोवतीची पट्टी लाल झाली होती. नवऱ्याने विचारलं, "मॅडम, पेशी चढवल्या की बरं वाटेल ना हिला?" मी म्हटलं, पेशी चढवायच्याच आहेत, पण मूळ दुखणं वेगळं आहे. तिच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी आत नको तिथे रक्त गोठवत सुटल्या आहेत. ती पडल्या पडल्या ऐकत होती. म्हणाली, "रक्त थांबत न्हाई म्हणून आणलंय मला, आन् तुमी म्हणताय रक्त गोठतंय?"

या आजाराचं सगळं शास्त्र त्या प्रश्नात आहे.

मी तिला तिच्या शेतातलंच उदाहरण दिलं. पाटाला भगदाड पडलं तर बुजवायला माती लागते. बांधावर मातीचा ढीग ठेवलेला असतो. पण रात्रीतून कुणी ती सगळी माती शेतभर मूठमूठ फेकून दिली, तर सकाळी भगदाडापाशी घालायला काही उरत नाही. वर आणखी एक जण कुदळ घेऊन, जिथे थोडीफार माती बसली आहे तीही उकरतोय. नवरा म्हणाला, "म्हंजी चोर दोन हायेत." हो, चोर दोन आहेत, आणि दोघंही त्याच पेशीत राहतात.

पहिला चोर म्हणजे ऊतक घटक, टिश्यू फॅक्टर. हे प्रथिन एरवी रक्तवाहिनीच्या भिंतीबाहेरच्या पेशींवर असतं. वाहिनी फाटली तरच रक्ताची त्याच्याशी गाठ पडते. मग ते सातव्या घटकाला धरतं, सातवा दहाव्याला जागा करतो, दहाव्याच्या मदतीने थ्रॉम्बिन तयार होतं आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे धागे विणतं. रक्तात फिरणाऱ्या निरोगी पांढऱ्या पेशींवर हा घटक जवळजवळ नसतो. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मात्र जंतूंचं विष लागलं की तो अंगावर काढतात, आणि गंभीर जंतुसंसर्गातही रक्त असंच आतल्या आत गोठतं. म्हणजे पांढऱ्या पेशीला गोठवण्याची कला मुळात परकी नाही. एपीएलच्या पेशीत फरक एवढाच, की ती कला चोवीस तास, विनाकारण आणि रक्ताच्या मध्यभागी चालू असते.

कर्करोगाच्या पेशींत आणखी एक पदार्थ सापडला, त्याला कॅन्सर प्रोकोअॅग्युलंट म्हणतात. तो सातव्या घटकाला विचारतच नाही, दहाव्याला थेट कापून जागा करतो. हा फरक प्रयोगशाळेत कसा ओळखतात ते मला फार देखणं वाटतं, म्हणून सांगते. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून फोडायच्या, तो अर्क साध्या प्लाझ्मात घालायचा, कॅल्शियम द्यायचं आणि घड्याळ लावायचं. गोठायला लागणारा वेळ झपकन कमी झाला, म्हणजे पेशींत गोठवणारी शक्ती आहे. आता तोच अर्क जन्मतः सातवा घटक नसलेल्या माणसाच्या प्लाझ्मात घालायचा. तिथे गोठणं मंदावलं, तर काम ऊतक घटकाचं होतं. तिथेही तो तितक्याच जोमाने गोठवत असेल, तर आत दुसरा कुणीतरी बसला आहे. एक परीक्षानळी, एक घड्याळ आणि योग्य प्लाझ्मा एवढ्यावर हे कोडं सुटतं. १९७३ मध्ये ग्रालनिक आणि अॅब्रेल यांनी एपीएलच्या प्रोमायलोसाइटमधली ऊतक घटकासारखी ही क्रिया दाखवली. पुढे इटलीत आना फालांगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या पदार्थावर बरंच काम केलं.

पेशी मरताना फुटते, तेव्हा हा सगळा साठा एकदम रक्तात सांडतो. हे लक्षात ठेवा, औषधाच्या निवडीत ते पुन्हा येणार आहे.

दुसरा चोर म्हणजे अॅनेक्सिन ए-२. एपीएलच्या पेशीच्या पृष्ठभागावर तो खच्चून भरलेला असतो. प्लाझ्मिनोजेन आणि त्याला जागा करणारं टीपीए या दोघांना तो एका जागी आणून बसवतो आणि प्लाझ्मिन वेगाने तयार होऊ लागतं. प्लाझ्मिन म्हणजे गुठळी विरघळवणारी कात्री. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि एक जुनं कोडं सुटलं. जंतुसंसर्गात रक्त अंगभर आतल्या आत गोठतं (त्याला डीआयसी म्हणतात), तेव्हा अँटीथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही नैसर्गिक लगाम घालणारी प्रथिनंही संपतात. एपीएलमध्ये ती बऱ्यापैकी टिकून असतात, फायब्रिनोजेन मात्र तळाला जातं. नुसतं गोठण्यातच खर्च होत असतं तर असं झालं नसतं. तिथे कुदळवालाही कामावर होता.

त्यात हाडांतल्या मज्जेत, जिथे रक्तपेशी बनतात, जागाच न उरल्याने प्लेटलेट बनत नाहीत. तिन्ही बाजूंनी माणूस उघडा पडतो. सगळ्यात भीतीची जागा असते मेंदू.

पहिली रात्र

त्या रात्री तीन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

रक्तपेढीतून क्रायोच्या दहा पिशव्या आणि प्लेटलेट आल्या. क्रायो म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला की खाली बसणारा साका, त्यात फायब्रिनोजेन दाट असतं. लक्ष्य ठरलेलं होतं: फायब्रिनोजेन १५०च्या वर आणि प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर, रक्तस्रावाचा धोका टळेपर्यंत. दर आठ तासांनी तपासणी. जाड नळी नाही, कमरेतून पाणी काढणं नाही, स्नायूत एकही सुई नाही. दाढ काढण्याचा विषयसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट: गरोदरपणाची चाचणी. वय ३४ असताना ती चुकवून चालत नाही, कारण पुढचं औषध गर्भाला घातक असतं. ती नकारार्थी आली. पाळी थांबवणारं औषधही सुरू केलं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते औषध. ट्रेटिनॉइन, आम्ही त्याला अॅट्रा म्हणतो. अ जीवनसत्त्वाचंच एक रूप, पिवळसर तेलकट कॅप्सूल, प्रत्येकी १० मिलिग्रॅमची. अंगाच्या दर चौरस मीटरला दिवसाला ४५ मिलिग्रॅम असा हिशोब आहे. तिचं वजन ५२ किलो, शरीराचं क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर, म्हणजे ७० मिलिग्रॅम: सकाळी चार कॅप्सूल, रात्री तीन, जेवणासोबत. तालुक्यात औषध नव्हतं. दीर मोटारसायकलवर शहरात गेला आणि साडेअकराला परत आला. रात्री पावणेबाराला तिने दुधासोबत पहिल्या कॅप्सूल घेतल्या.

खात्रीची तपासणी म्हणजे पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांची अदलाबदल. ती जॅनेट राउली यांनी १९७७ मध्ये दाखवली. त्या अदलाबदलीतून पीएमएल-रारा हे जोडजनुक तयार होतं. त्याचा अहवाल यायला चार दिवस होते. त्या अहवालासाठी थांबायचं नाही. हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वदवून घेते. काचेवर संशय आला की अॅट्रा सुरू करायचं. अहवाल उलटा आला तर औषध बंद करायचं, दोन-चार दिवसांच्या कॅप्सूलनी फारसं काही बिघडत नाही. आणि थांबलात तर? या आजारात जे जातात त्यांतले बरेच पहिल्या काही दिवसांतच जातात, आणि बहुतेक रक्तस्रावाने. बरा होण्याची इतकी शक्यता असलेल्या आजारात अहवालाची वाट पाहताना माणूस गमावणं मला सहन होत नाही.

पहाटे पाच वाजता, प्लेटलेट चढवून झाल्यावर, तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. गाडीत कॅप्सूलचं पाकीट दिराच्या खिशात होतं.

हे औषध कुठून आलं

१९५७ मध्ये नॉर्वेत लाइफ हिलेस्टॅड यांनी तीन रुग्णांचं वर्णन करून हा आजार वेगळा काढला. तिघेही काही आठवड्यांत गेले होते. त्या जुन्या वर्णनात भयंकर रक्तस्राव आहेच, पण रुग्णांचा ईएसआर नॉर्मल असल्याची नोंदही आहे आणि त्याचं कारण फायब्रिनोजेन कमी हेच दिलं आहे. आठचा तो आकडा पाहून मला खटकलं, ते हिलेस्टॅड यांच्यामुळे.

पुढची काही दशकं वैद्य मंडळी चोरामागे न जाता माती वाचवायला धावली. गोठणं थांबवायचं म्हणून रक्तस्राव होणाऱ्या माणसाला हिपॅरिन द्यायचं! तर्क चुकीचा नव्हता. डॉक्टरांनी किती धाडसाने ते दिलं असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. पण १९९० मध्ये इटलीतल्या २६८ रुग्णांचा आढावा आला आणि हिपॅरिन दिलेल्यांत रक्तस्रावाचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. दुसऱ्या बाजूने, विरघळणं थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्लही सरसकट द्यायचं नाही असं ठरलं. कुदळवाला थांबतो, पण माती फेकणारा मोकाट सुटतो आणि गुठळ्या होतात. पाळी फार जाते म्हणून हीच गोळी आपल्याकडे सहज दिली जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१९७३ मध्ये पॅरिसला जाँ बर्नार्ड यांच्या गटाने डॉनोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध देऊन ३४ पैकी १९ रुग्णांत आजार मागे हटवला. मोठी झेप होती. पण केमोथेरपी पेशी फोडते, आणि फुटलेली पेशी काय सांडते ते वर सांगितलंच. उपचाराच्या पहिल्याच दिवसांत रक्तस्राव भडकायचा.

आणि मग शांघाय. वांग झेनयी हे मुळात रक्त गोठण्याच्या विकारांचे अभ्यासक, हे मला अर्थपूर्ण वाटतं. पेशी मारण्याऐवजी तिला मोठी करता येईल का, वाट चुकलेल्या पोराला मारण्याऐवजी वळण लावता येईल का, असा त्यांचा विचार होता. परदेशात अ जीवनसत्त्वाच्या जातीचं दुसरं एक रूप वापरलं जात होतं, ते चीनमध्ये मिळत नव्हतं. त्वचेच्या विकारांसाठी शांघायमध्ये बनणारं अॅट्रा मिळत होतं, म्हणून ते घेतलं. १९८५ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला, केमोथेरपी निष्फळ ठरून ती मरणाच्या दारात असताना, आईवडिलांच्या संमतीने ते दिलं. काही दिवसांत ती सुधारू लागली आणि पुढे बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचं काम प्रसिद्ध केलं. १६ नवे, ८ केमोथेरपीला दाद न देणारे. सगळ्यांचा आजार मागे हटला, आणि मज्जा जाळून रिकामी न करता.

अॅट्रामुळे पेशी मोठी होते आणि दोन्ही चोरांचं सामान, ऊतक घटक आणि अॅनेक्सिन, उतरवून ठेवते. म्हणून रक्तस्राव चार-सहा दिवसांत ओसरू लागतो. पेशी अजून रक्तात असतात, मज्जा अजून आजारी असते, तरी रक्त थांबतं. रोग्याच्या रक्ताचा दोष त्या पेशींच्या स्वभावात होता, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा?

पुढचे दिवस

क्रायोनंतर फायब्रिनोजेन १२८ झालं. दुसऱ्या दिवशी १४१, पुन्हा क्रायो. दुसऱ्या रात्री डोकं दुखू लागलं आणि वॉर्डात सगळ्यांचे चेहरे उतरले. मध्यरात्री सीटी स्कॅन झाला, मेंदूत रक्तस्राव नव्हता. चौथ्या दिवशी १६५. जोडजनुकाचा अहवाल होकारार्थी आला आणि त्याच दिवशी दुसरं औषध शिरेतून सुरू झालं: आर्सेनिक ट्रायऑक्साइड.

म्हणजे आपला सोमल. हे नाव ऐकताच नवरा खुर्चीतून उठला. विषच की ते! हार्बिनच्या झांग टिंगडोंग यांनी १९७० च्या दशकात एका गावठी औषधातून ते शोधून शिरेत देण्याजोगं केलं. जोडजनुकातून बनणाऱ्या प्रथिनाच्या एका टोकाला अॅट्रा धरतं, दुसऱ्या टोकाला आर्सेनिक, आणि दोघं मिळून ते प्रथिन मोडून टाकतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी फक्त आर्सेनिकवर ७२ नव्या रुग्णांचे उपचार केले आणि सुमारे ८६ टक्क्यांत आजार मागे हटला. ते काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. भारतातल्या रुग्णांसाठी त्याचं मोल फार मोठं आहे. पुढे २०१३ मध्ये फ्रांचेस्को लो-कोको यांच्या गटाने पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत असलेल्या रुग्णांत अॅट्रा आणि आर्सेनिक एकत्र देऊन पाहिलं. दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण कोणत्याही विघ्नाविना होते, अॅट्रा आणि केमोथेरपीच्या गटात ८६ टक्के. आमच्या बाईंच्या पेशी २,४०० होत्या, त्यामुळे त्या या वाटेच्या होत्या.

एक विनवणी इथेच करते. हे वाचून कुणी सोमल, हरताळ किंवा मनशीळ कुठल्या पुडीतून घेऊ नये. रुग्णालयातला डोस वजनावर, दर किलोला ०.१५ मिलिग्रॅम, दोन तासांत हळू सोडतात. हृदयाचा आलेख आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम सतत पाहतात, कारण हे औषध हृदयाची लय बिघडवू शकतं. आणि अ जीवनसत्त्व म्हणून गाजरं खाऊन अॅट्राचं काम होत नाही. हा प्रश्न मला खरोखर विचारला जातो.

सहाव्या दिवशी फायब्रिनोजेन २१०, दोन दिवस क्रायो न देता. हिरड्या कोरड्या. सगळे निश्वास टाकत होते आणि सातव्या दिवशी तिला धाप लागली. ताप १०१, वजन तीन दिवसांत चार किलोने वाढलेलं, छातीच्या क्ष-किरणात दोन्ही बाजूंना सावल्या, पांढऱ्या पेशी २४,०००. पेशी मोठ्या होताना फुप्फुसात शिरतात, वाहिन्या झिरपू लागतात, याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात. न्यूमोनिया समजून प्रतिजैविकांवर दोन दिवस घालवले तर रुग्ण हातचा जातो. संशय येताच डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि वाढणाऱ्या पेशींसाठी हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं. दोन्ही मूळ औषधं तीन दिवस थांबवली. दहाव्या दिवशी ती प्राणवायूशिवाय बसून भाकरी खात होती.

प्लेटलेट मात्र सावकाश आल्या. सव्विसाव्या दिवशी १,०४,०००. चौतिसाव्या दिवशी मज्जेची काच माझ्याकडेही पाठवली गेली. मी ती तासभर फिरवली. मोळी कुठेही नव्हती.

त्यानंतर आर्सेनिकच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत चार आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, मग चार आठवडे सुट्टी. म्हणजे ८० वेळा सलाईन. अॅट्रा मध्ये मध्ये पंधरा-पंधरा दिवस. योजनेत नाव बसलं म्हणून औषधांचा खर्च निघाला. येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा निघाला नाही, आणि त्या वर्षी ऊस तोडणीला घरातलं कुणी नव्हतं. तिसऱ्या फेरीनंतर जोडजनुकाची तपासणी नकारार्थी आली. चौथी संपल्यावरही तशीच.

उपचार संपून दोन महिने झाले तेव्हा तिचा फोन आला. तीच उजवीकडची दाढ ठणकत होती, आणि दातांच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव ऐकून हात आखडता घेतला होता. मी नमुना मागवला. प्लेटलेट २,३०,०००, पीटी १२.८, फायब्रिनोजेन २८६. तिच्या नळीतली गुठळी नेमक्या वेळी, नीट धरली. मी चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. तोंडात कापसाचा बोळा असल्याने बोलणं जड येत होतं. "मॅडम, काढली दाढ. धा मिन्टांत रगत थांबलं बगा. आरशात बगितलं, भोकात काळी गुठळी बसलीया. ती तशीच र्‍हाऊ द्यायची न्हवं?"

मी म्हटलं, "हो ताई, तशीच राहू द्या. आज चूळसुद्धा भरू नका."